सांगून काढायचा हात

चहाला धातूची चव येत होती. आजच नव्हे, बरेच दिवस. पण आज पहिल्यांदा तिने ती स्वतःशी कबूल केली. आधी तिने किटलीवर संशय घेतला आणि लिंबाने घासून घासून तिचा आरसा केला. मग टूथपेस्ट बदलली. मग पोहण्याच्या तलावाच्या पाण्यावर आळ घेतला. अर्धं आयुष्य क्लोरीनच्या पाण्यात कमरेइतकं उभं राहून मुलांना पोहायला शिकवणाऱ्या बाईच्या जिभेवर काहीतरी चढणारच, अशी स्वतःची समजूत घातली. आता सकाळच्या उन्हात ओट्यापाशी उभी राहून ती तोंडातला घोट इकडून तिकडे फिरवत होती, आणि जिभेखाली कुणीतरी जुनं नाणं ठेवून विसरून गेल्यासारखं वाटत होतं. कप खाली ठेवताना बशी वाजली. ठेवल्यासारखी नव्हे, थंडीत दात वाजतात तशी. तिने हाताकडे पाहिलं. हात आपल्याच नादात थरथरत होता, जणू तिचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. त्याला आवरायला तिने दुसरा हात पुढे केला, तर तोही त्याला सामील. कोपर लागून, लेक भरून ठेवायची ती औषधाची स्टीलची डबी पडली आणि झोपेच्या गोळ्या फरशीवर उन्हात विखुरल्या.

गळ्यातल्या साखळीला लोंबणारा चष्मा डोळ्यांवर चढवून ती गुडघ्यांवर बसली. ह्या गोळ्या तिने दिवसाउजेडी कधी पाहिल्याच नव्हत्या. रोज निजताना चष्मा काढल्यावर, दिवा मालवल्यावर, बोटांनी चाचपून एक उचलायची आणि पाण्याबरोबर गिळायची, हा परिपाठ लेक शाळेत होती तेव्हापासूनचा. गोळीच्या मधोमध एक खाच असायची. अंगठ्याचं नख त्या खाचेत बसलं की तिला अर्धी झोप तिथेच लागायची. अलीकडे नखाला खाच सापडत नव्हती. बोटं बोथट झाली, असं तिने मानलं होतं. आता गोळी डोळ्यांसमोर धरली. पिवळीच होती, गोलच होती, पण गुळगुळीत, वर चकाकीचा मुलामा दिलेली. खाच बोटांना सापडत नव्हती कारण खाच नव्हतीच. ही तिची गोळी नव्हती.

तिला सगळ्यात आधी जे वाटलं ते सुटकेसारखं होतं. म्हणजे किटली निर्दोष. दात निर्दोष, बोटं निर्दोष. गेले कित्येक दिवस प्रत्येक गोष्टीचा आरोप ती निमूटपणे वयाच्या नावावर टाकत आली होती: दरवाजा आपटला की काळजात होणारं धस्स, भिंतीपलीकडच्या नळाची धार कानात ओतल्यासारखी ऐकू येणं, दुपारी काही कारण नसताना गळ्याशी येणारं रडू. आणि परवाची ती लहानगी. उताणी तरंगायला शिकत होती, पाठीखाली हिचे दोन तळवे. आणि अचानक ती पोर लाकडासारखी ताठ झाली, वळली आणि हिच्या गळ्याला अशी मिठी मारून बसली की सोडवता सोडवेना. पाणी खोल नव्हतं, कुणी घाबरवलं नव्हतं. मुलांच्या पाठीला डोळे असतात. आपल्याखालची जमीन हलते आहे हे त्या पाठीला हिच्याआधी कळलं होतं. त्या दिवशी घरी येताना तिने ठरवूनच टाकलं होतं की आता थांबायचं, आपले दिवस भरले. सुटकेच्या मागोमाग राग आला. किती काळाने असा स्वच्छ, तळ दिसणारा राग आला होता.

पलीकडच्या खोलीत लेक ऑफिसला जायच्या घाईत केस विंचरत होती. फणीचा आवाज येत होता. तिला हाक मारावी म्हणून तोंड उघडलं आणि डोळ्यांपुढे तिच्या आईची बाटली आली. तपकिरी काचेची, बाजूला कातरलेल्या कागदाची पट्टी चिकटवलेली. एकेक कातरा म्हणजे एकेक डोस. त्या औषधाला घरात ‘शांतीचं’ म्हणत. आई शांत नव्हती, एवढाच तिचा आजार. ती मोठ्याने हसायची, मोठ्याने भांडायची, आणि पाळण्यातलं बाळ गेल्यावर मोठ्याने रडायला लागली ती थांबेचना. तेव्हा वडिलांनी आणि आत्याने डॉक्टरांशी दाराआड बोलून ती बाटली आणली. आईला सांगितलं, रक्त वाढायचं औषध आहे. आई गुणी मुलीसारखी प्यायची. हळूहळू तिच्या हनुवटीवर फोड आले, चालताना पाय घासायला लागले, आणि काही विचारलं तर उत्तर यायला इतका वेळ लागायचा, जणू शब्दाला तळघरातून जिना चढून यावं लागतंय. आत्या शेजारणीला समाधानाने सांगायची, “आता कशी गाय झालीय.” पुढे नवे डॉक्टर आले, ते म्हणाले हे ब्रोमाइड म्हणजे जुनाट प्रकार, साचतं अंगात, त्यांनी नव्या गोळ्या दिल्या, अगदी निर्धोक. त्या नव्या गोळ्यांवर आई दिवसाही झोपायला लागली. दुपारच्या शाळेतून घरी यावं तर आई भिंतीकडे तोंड करून, आणि घरात सगळे टाचा उचलून चालतायत, शांती मोडू नये म्हणून.

म्हणून नवरा एका दुपारी कामावरच वारला, आणि झोप त्याच्याबरोबर गेली, तेव्हा तिने किती दिवस औषधाला नाही म्हटलं होतं. पदरात शाळकरी पोर, सकाळी तलावावर पाळी; डोळे वाळू घातल्यासारखे. शेवटी गेली. तेव्हाचे डॉक्टर मोठे हसरे. “अहो, तुमच्या आईच्या वेळचं औषध म्हणजे बैलगाडी,” ते म्हणाले होते, “ही नवीन आहे. हिची सवयसुद्धा लागत नाही.” सवय लागली. पण तिने स्वतः जाऊन, स्वतःच्या तोंडाने मागून घेतलेली होती ती. एवढा फरक तिला पुरत होता. नवीन म्हणून आलेली ती पिवळी गोळी तिच्याबरोबर म्हातारी झाली. आणि आता ही कानामागून आली आणि तिखट झाली. तिखट कसली, कडू.

ती उठली, मुठीत गोळ्या घेऊन पलीकडच्या खोलीच्या दारात उभी राहिली.

“ह्या कुठल्या?”

लेकीची फणी केसांतच थांबली. “कुठल्या म्हणजे?”

“मी विचारतेय.”

“आई, मला उशीर होतोय.”

“मला झालाच आहे. बोल.”

लेक पलंगाच्या कडेवर बसली. विमा कंपनीत लोकांचे दावे तपासायचं काम करणारी ही मुलगी; समोरच्याला कुठे पकडायचं हे तिला नेमकं कळायचं, पण स्वतः सापडली की तिचा चेहरा अजून शाळेतल्यासारखा व्हायचा. “तुझ्या भल्यासाठीच केलं. ती जुनी गोळी तुझ्या वयाच्या माणसांना देत नाहीत आता. पडतात माणसं, हाडं मोडतात, विसरायला लागतात. कितीदा सांगितलं तुला. तू ऐकतेस कुणाचं?”

“म्हणून न सांगता?”

“सांगितलं असतं तर घेतली असतीस?”

“नसती घेतली.”

“मग?”

“मग काही नाही. नसती घेतली.”

“हे बघ, हाच हेका,” लेक म्हणाली. “आणि बदलून तरी काय झालं? आता हात थरथरायला लागलाय तुझा. म्हणजे वयच ते. कुणाचं पोर हातातून सुटलं पाण्यात तर? मी तुमच्या तलावाच्या व्यवस्थापकांच्या कानावर घालून ठेवलंय, तुला जरा मोकळं करा म्हणून. सन्मानाने.”

“माझा सन्मान माझ्या पाठीमागे वाटायला काढलास होय?”

 हिला आता लेकीत आत्या दिसली, तोच दाराआडचा आवाज, तीच काळजी. काळजी खरी होती, हेच तर वाईट. खोट्या काळजीला माणूस धक्का मारून बाहेर काढतं. “कुणी लिहून दिल्या?” तिने विचारलं. “डॉक्टरांनी मला न बघता दिल्या?”

“नाही.”

“मग?”

“माझ्याच आहेत,” लेक फणीतले केस काढत म्हणाली. “मी घेते. मला काही होत नाही, म्हणून तुला दिल्या.”

तिला वाटलं, आता बसायला हवं. खुर्ची जवळच होती. एका घरात, एका भिंतीच्या दोन्ही बाजूंना, दोघी गोळी घेऊन पडत होत्या आणि एकमेकींना सकाळी विचारत होत्या, झोप लागली ना? “कधीपासून?” “आहे बरेच दिवस.” “मला बोलली नाहीस.” “तू कुठे काय विचारतेस? तू मुलांना विचारतेस, पाणी गार आहे का.” हे लागायला हवं तिथेच लागलं. मग तिने विचारलं, “तुला चहा कडू लागत नाही?”

“लागतो,” लेक म्हणाली. “म्हणून तर कॉफीवर आले.”

हसू आधी लेकीला फुटलं, मग हिला. पण त्या हसण्याने काही मिटलं नाही आणि हे दोघींनाही माहीत होतं. “चप्पल घाल,” ती म्हणाली, “ऑफिसला कळव. डॉक्टरांकडे जाऊ. आणि तिथे मी बोलणार. दाराआड काही नाही.”

दवाखान्याच्या बाकावर गर्दी होती. लेक फोनमध्ये डोकं घालून बसली होती आणि ती समोरच्या भिंतीवरच्या, खांब धरून उभ्या असलेल्या हसऱ्या बाळाच्या चित्राकडे बघत होती. तलावावरच्या इतर शिक्षकांची एक युक्ती होती. मुलाला पाण्यावर आडवं घ्यायचं, ‘धरलंय, धरलंय’ म्हणत राहायचं, आणि गुपचूप हात काढून घ्यायचा. मूल तरंगतंय असं दिसलं की टाळ्या. बहुतेक मुलं शिकायची. पण काही मुलं, हात नाही हे कळलं की बुडायला लागायची, आणि पाण्यापेक्षा माणसाला जास्त घाबरायला लागायची. अशी सगळी मुलं शेवटी हिच्याकडे पाठवत. हिची रीत कंटाळवाणी. ही सांगून हात काढायची. “आता करंगळी काढते. काढू?” मूल नाही म्हणालं तर नाही. उद्या पुन्हा विचारायचं. “आता तिच्या शेजारचं बोट. काढू?” शिट्टी, म्हणजे गळ्यात कायम शिट्टी अडकवलेली दुसरी शिक्षिका, हिला चिडवायची, “बाई, तुमची एक बॅच शिकेपर्यंत माझी तीन होतात, आणि तुमची पहिली पोरं कॉलेजात जातात.” जाऊ देत. पण कुणाच्या अंगाखालून न सांगता आधार काढायचा नाही, हे तिला पोहण्याहून मोठं वाटायचं, आणि का, ते आज ह्या बाकावर बसल्यावर कळत होतं. आईच्या अंगाखालून कुणी काय काय काढून घेतलं ते आईला शेवटपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं.

डॉक्टर लेकीच्याच वयाची होती. तिने डबी पाहिली, हात पुढे करायला लावले, रक्तदाब घेतला, मग लेकीकडे वळली. “जुनी एकदम बंद केलीत? कुणाला विचारून?”

“बंद कुठे केली? तिच्या जागी ही दिली की.”

“जागा एक नसते. ही झोप आणते, पण त्या गोळीची जी सवय शरीराला लागलीय ती ही भागवत नाही. इतक्या वर्षांची गोळी एका दिवसात काढली तर फिटसुद्धा येऊ शकते. नशीब म्हणायचं.” मग हिच्याकडे बघून, “हात म्हातारे नाही झालेत तुमचे. हात जुनी गोळी मागतायत.”

लेकीचा चेहरा उतरला. हिला बघवेना, पण तिने मध्ये पडून ‘जाऊ दे’ म्हटलं नाही. आयुष्यभर म्हणत आली होती. “मला एक सांगा,” आईच्या बाटलीपासूनची हकीकत सांगून तिने डॉक्टरला विचारलं, “जुनी चांगली की नवी? एका वाक्यात.”

“एका वाक्यात नाही सांगता येणार.”

“मग चार घ्या. सहा वर्षांच्या मुलांना मला चारात सांगावं लागतं.”

डॉक्टरने पेन खाली ठेवलं. “तुमच्या आईच्या वेळचं अंगात साचायचं, माणूस सुस्त व्हायचा, भ्रमिष्टसुद्धा. त्यानंतरच्या गोळ्या जरा जास्त झाल्या तर श्वास थांबायचा. तुमची त्याहून खूप सुरक्षित म्हणून आली आणि होतीही. पण ती सुटता सुटत नाही, आणि वय वाढलं की तोल घालवते, विसरायला लावते. ह्यात तुमची लेक खोटं बोलत नाही. ही तिच्या नंतरची, लवकर उतरते. पण तोंड कडू करते, हिचीही सवय लागते, आणि काही जण झोपेत उठून काय करतात ते सकाळी आठवत नाही. आता त्याहून नवी आलीय. ती झोप लादत नाही, जागेपणाचा दिवा बारीक करते म्हणतात. तिचं खरं रूप अजून काही वर्षांनी कळेल.”

“म्हणजे प्रत्येक नवी गोळी आधीच्या गोळीची चुगली करत येते.”

डॉक्टर हसली. “असं मला परीक्षेत लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं.”

“आणि प्रत्येक वेळी निर्धोक म्हणणारा कुणीतरी असतो. तुम्ही म्हणाला नाहीत, म्हणून मी तुमचं ऐकते. काय करायचं?”

पुन्हा जुनीवर जायचं, डॉक्टर म्हणाली. शरीर ठिकाणावर येऊ द्यायचं. मग थोडी थोडी कमी करायची, आणि प्रत्येक वेळी इथे येऊन, ठरवून. महिने लागतील. मध्ये वाईट दिवस येतील, कदाचित एखाद्या पायरीवर बराच काळ थांबावं लागेल. मनाने बंद करायची नाही. आणि हात स्थिर होईपर्यंत पाण्यात मुलं घ्यायची नाहीत. “ते मीच ठरवलं होतं,” ती म्हणाली, “पण तुमच्या तोंडून ऐकून बरं वाटलं. डबी माझ्याकडे राहील.” हे शेवटचं वाक्य तिने लेकीकडे बघून म्हटलं. लेकीने मान हलवली. मग दारापाशी, अगदी बारीक आवाजात लेकीने डॉक्टरला विचारलं, “आणि माझं?” डॉक्टर म्हणाली, तुम्ही वेगळ्या या, एकट्या. रस्त्यावर आल्यावर लेक म्हणाली, “येशील माझ्याबरोबर?” ती म्हणाली, “बाकावर बसेन. आत तू जा.”

एवढ्यावर गोष्ट घरातल्या घरात मिटली असती. व्यवस्थापकांची तशीच इच्छा होती. पुढच्या बॅचच्या दिवशी त्यांनी तिला आपल्या काचेच्या खोलीत बसवलं, पंखा तिच्या दिशेने वळवला. माणूस वाईट नव्हता. कुठल्याही गोष्टीचा आवाज होऊ नये एवढाच त्याचा धर्म. “बाई, पाठ दुखतेय म्हणा,” ते म्हणाले. “पाठीला कोण विचारतं? दोन-तीन महिने घ्या, नंतर बघू. गोळ्या-बिळ्या कशाला काढायच्या? पालकांच्या डोक्यात एकदा किडा शिरला की निघत नाही. तुमचंच नाव खराब होईल. मग मला तुम्हाला परत घेता येणार नाही, आधीच सांगतो.”

आधीच सांगतो, ह्याबद्दल तिला त्यांचं कौतुक वाटलं. खोलीच्या काचेतून तलाव दिसत होता, निळा, अजून कुणी न मोडलेला. पाठ दुखतेय. किती सोपं होतं. रक्त वाढायचं औषध. “त्या परवाच्या लहानगीची आई बाहेर बसलीय,” ती म्हणाली. “तिला वाटतंय तिची मुलगी भित्री आहे. मुलगी भित्री नाही. तिला जे कळलं ते खरं होतं. हे तिला कोण सांगणार, माझी पाठ?”

ती बाहेर आली आणि पालकांच्या बाकांसमोर उभी राहिली. साधे कोरडे कपडे, पायात चपला. तिला असं पाहायची कुणाला सवय नव्हती. लेक शेवटच्या बाकावर येऊन बसली होती. ‘सगळ्यांसमोर नको गं आई’ असं सकाळपासून म्हणत होती आणि तरी आली होती. तिने मुलांना सांगते तसंच सांगितलं, सावकाश, लहान वाक्यांत. मी पुष्कळ वर्षं झोपेची गोळी घेते. ती मध्यंतरी चुकीच्या तऱ्हेने बदलली गेली, म्हणून माझे हात थरथरतात. मला कळलं नव्हतं, आता कळलंय. हात स्थिर होईपर्यंत मी पाण्यात उतरणार नाही, काठावरून शिकवेन. परवा तुमची मुलगी घाबरली ती तिच्यामुळे नाही, माझ्यामुळे.

 लहानगीच्या आईने मुलीच्या टोपीखालून निसटलेले केस आत सारले. पुढच्या रांगेतला एक बाप उठला. “म्हणजे इतकी वर्षं गोळ्या खाणारी बाई मुलं धरत होती?”

“हो,” ती म्हणाली. “तुमच्या मोठ्याला मीच धरलं होतं. तो आता उडी मारतो.”

“हे आम्हाला आधी सांगायला हवं होतं.”

“हवं होतं,” ती म्हणाली. “म्हणून आज सांगतेय.”

त्याने धाकट्याची पिशवी उचलली आणि तो निघाला. पोर मागे बघत बघत, उलटं चालत गेलं. आणखी दोघं उठली. बाकीची बसून राहिली; धीराने की आळसाने, कोण जाणे. व्यवस्थापक काचेच्या खोलीच्या दारात आले होते, पडेल आवाजात म्हणाले, “समितीपुढे न्यावं लागेल, बाई.”

“न्या. मला आत बोलवा मात्र. माझ्याविषयी बोलायचं तर माझ्यादेखत.”

  आज गळ्याशी रडू आलं नव्हतं, आणि कानांत जो गलका होता तो पाण्याचाच होता. आई गेली तेव्हा आत्या म्हणाली होती, शांत गेली. ते ऐकताना शाळकरी वयातही तिला बोचलं होतं, आणि नेमकं काय बोचलं ते आत्ता हाताला लागलं: शांत कुणी केली ते कुणी बोललं नाही. ती काठावर बसली, चपला काढून पाय पाण्यात सोडले. शिट्टी पाण्यात उतरून उभी होती, जरा गोंधळलेली. “तुमच्यासारखं बोटबीट मला नाही जमायचं हं, बाई,” ती पुटपुटली. “जमेल. विचारत जा. नाही म्हणाली तर थांब,” तिने सांगितलं.

लहानगी पायऱ्या उतरून आली. शिट्टीच्या हातांवर पालथी आडवी झाली, हनुवटी वर, डोळे थेट काठावर. काठावरून तिने पोरीला दिशा दाखवायला हात पुढे केला, लांब, सरळ, सगळ्या बाकांना दिसेल असा. बोटं पाण्यावरच्या उन्हासारखी हलत होती. पोरीने थोडा वेळ त्या बोटांकडे बघितलं.

“बाई, तुमचा हात अजून थरथरतोय.”

“थरथरू दे,” ती म्हणाली. “तू पाय मार.”